पेला क्रमांक एकेचाळीस

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, निवृत्त मानसशास्त्रज्ञ, अविवाहित, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. दारूचा थेंबही घेतलेला नाही. तीस वर्षे दुसऱ्यांना मोजून पाजली, ती गोष्ट वेगळी.

१. माझी पुस्तके आणि दारू, गोळ्या व महामार्गावरचे अपघात यांच्या नोंदींची कपाटे विभागाच्या ग्रंथालयास. उंदीर लागू देऊ नयेत.

२. विभागप्रमुखांनी माझ्या पहिल्या शोधनिबंधावर माझ्याआधी स्वतःचे नाव टाकले होते. माझी चौदाही मानचिन्हे त्यांना द्यावीत. हौस फिटू दे.

३. अर्धी कापलेली मोटार, जिच्यात बसवून आम्ही लोकांना पडद्यावरच्या रस्त्यावर गाडी चालवायला लावत असू, ती शिकाऊ चालकांच्या शाळेला. तिचा ब्रेक जरा जड आहे.

४. राहते घर वहिनीला, म्हणजे माझ्या मयत दादाच्या पत्नीला. कारण सांगणे भाग आहे.

आमच्या प्रयोगात निम्म्या पेल्यांत दारू घातलेले सरबत असे, निम्म्यांत नुसते सरबत. पुदिन्याचा अर्क इतका, की चवीवरून कोणाला काही कळू नये. दारूवाल्यांना उतरेपर्यंत घरी सोडत नसू. सरबतवाले लगेच मोकळे. एकदा दोन माणसे हवी होती आणि एकच आला. दादा कधी प्यायला नव्हता, पण माझ्यासाठी बस म्हटल्यावर बसला. त्याला मी सरबताचाच पेला, क्रमांक एकेचाळीस, नेमून दिला होता. हे त्याला सांगितले नाही, कारण सांगितले तर प्रयोगच बिघडतो.

अर्ध्या तासाने तो म्हणाला, "छोटे, मला गरगरतंय गं."

मी हसले. नुसत्या सरबताने झिंगणारे आम्ही ढीगभर पाहिले होते. तोच तर माझा अभ्यासाचा विषय. वहीत लिहिले, 'उत्तम परिणाम', आणि त्याच्या गाडीची किल्ली त्याला परत दिली.

महामार्गाच्या पहिल्याच वळणावर तो मालट्रकखाली गेला. रक्तात दारू निघाली. आठवड्याने सरबताच्या उरलेल्या बाटल्या तपासताना कळले, की त्या दिवशीच्या दोन चिठ्ठ्या मीच अदलाबदल करून चिकटवल्या होत्या. अहवालात मी लिहिले, 'एकेचाळीस: प्रयोग अर्धवट सोडला.' दादा चोरून पीत होता असे सगळे म्हणाले, हळूहळू वहिनीही म्हणू लागली, आणि मी बावीस वर्षे मान खाली घालून ऐकत राहिले. मला याची लाज वाटते.

हे कलम माझ्या मृत्यूनंतर वाचावे, असे आधी लिहिले होते. वकीलसाहेबांनी मसुदा वाचून चष्मा काढला. म्हणाले, "बाई, मग त्यांनी जाब कोणाला विचारायचा?"

म्हणून काल वहिनीला बोलावून वाचून दाखवले. मग ती म्हणाली, "वन्सं, मी ह्यांचा फोटो भिंतीवरून उतरवला. लेकीला सांगितलं, तुझा बाप दारुडा होता."

घराचे विचारले, तर नको म्हणाली.

सबब कलम ४ रद्द. घर अपघातग्रस्तांच्या रुग्णालयास द्यावे. नोंदवही वकीलसाहेबांनी विभागाला दाखवून माझा अहवाल दुरुस्त करून घ्यावा.

ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते, त्याने साक्षीला राहू नये, असा दंडक आहे. तो मी वहिनीलाही समजावून सांगितला.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: नऊ फेब्रुवारी, सोमवार
सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिली: शेजारच्या निवृत्त परिचारिका.

साक्षीदार दुसरी: मयत दादाची पत्नी. हिला या कागदातून काहीही मिळत नाही. म्हणाली, "मग मला सही करता येईल ना? आणा ते पेन."