खडूची खूण

प्रिय ठमाबाई,

तू रागावून गेलीस त्याला दोन महिने झाले. फोनवर बोलायचं तर माझी जीभ तिरकी चालते, म्हणून हे पत्र.

आपल्या वर्कशॉपची वेबसाइट तू केलीस. सगळ्या खुर्च्यांचे फोटो एकाच खिडकीपाशी, एकाच उंचीवरून काढलेस, एका मापात बसवलेस, पान लवकर उघडावं म्हणून वजनालाही हलके केलेस. मला वाटलं, पोरीने माझ्या खुर्च्यांची ओळखपत्रं काढली! तसं बोललोही, नको तेवढं. तू गेल्यावर काय केलं ते ऐक, आणि हसू नकोस. तुझे फोटो रागारागाने पुसून टाकले नि माझे चढवले. एक अंगणात, एक अंधारात, एक तर मांजरासकट. सगळे होते तसेच, अवजड. आठवड्याभरात आपल्या जुन्या गिऱ्हाईक नर्सबाई दारात हजर! पान उघडेपर्यंत त्यांची बस आली म्हणे, आणि उघडलं तेव्हा खुर्ची विकायची आहे की मांजर, तेच त्यांना कळेना. मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

मग खिडकीपाशी खडूने खुणा केल्या. खुर्ची इथे, फोन तिथे. सकाळी दहाच्या उजेडात, चार दिवसांत बत्तीस खुर्च्या. फोटो हलके कसे करायचे ते तू भिंतीला चिकटवलेल्या कागदावरून शिकलो. तिसऱ्या दिवशी खूण गिरवताना डोक्यात प्रकाश पडला. अगं, हा तर आपला फर्मा! तू आठ वर्षांची असताना मीच तुला घोकून घोकून शिकवलं होतं, चारही पाय एकाच फर्म्यावरून कापायचे, नजरेच्या भरवशावर राहायचं नाही, आणि लाकूड लागेल तेवढंच. तू ते कॉम्प्युटरवर नेलंस आणि मला माझीच विद्या ओळखू आली नाही. जवळ कुणी नव्हतं, म्हणून मांजरालाच सांगितलं की माझी लेक माझ्यापेक्षा पक्की कारागीर निघाली.

आता पान चुटकीसरशी उघडतं. पण एक काम अडलंय, त्यासाठीच हे सगळं पुराण. ‘आमचे कारागीर’ या पानावर मी सारख्या मापाच्या दोन चौकटी केल्यात. एकीत मी. दुसरीखाली तुझं नाव आहे, फोटो नाही. तुझे जुने फोटो लावून पाहिले, उजेड जुळत नाही. तेव्हा तुलाच यावं लागेल. माझं चुकलं, ठमे. खूण अजून आहे, झाडू तिथून वळवून मारतो.

तुझाच,
हट्टी बाबा