शास्त्रीची दांडी

२७ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी शास्त्री पुन्हा पिंजऱ्याच्या तळाशी. पंख अर्धे उघडे, चोचीपाशी रक्त. हात घातला तर कडाडून चावला. बरं वाटलं. अजून जोर आहे.

वहिनी जिन्यावरून म्हणाल्या, "वन्सं, पोपट म्हातारा झाला. आता पडायचाच."

म्हातारपणाने नाही पडत तो. दिवाळीआधी पिंट्याने पुताईच्या, म्हणजे घर रंगवायच्या, नादात माझा चौकोनी पिंजरा भंगारवाल्याला दिला. मी शाळेत शिकवायला गेलेली. विचारलंसुद्धा नाही. त्याच्या जागी हा गोल, पितळी रंगाचा, होमस्टेच्या पाहुण्यांना आवडतो म्हणून. आत प्लास्टिकची गुळगुळीत दांडी. शास्त्रीचा डावा पाय पिल्लू असल्यापासून वाकडा. दिवसा गज धरून निभावतो. रात्री डोळा लागला की पकड सुटते आणि धप्प.

पिंट्याला सांगितलं. तो मोबाइलमध्ये. "आत्या, गेस्ट लोग उसी पिंजरे का फोटो लेते हैं."

भावाचा मुलगा, काशीत वाढलेला; मराठी कळतं, उत्तर हिंदीतच. भाऊ असता तर... असता तरी काय, मान हलवून पूजेला बसला असता.

२८ ऑक्टो., मंगळ

अर्धी रजा. पिंजरा मांडीवर घेऊन ई-रिक्षाने पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे. तरुण आहे, तोडून बोलते. "ये रॉड किसने लगाई? इस पर तो मक्खी भी न टिके."

काय काय सांगितलं ते लिहून ठेवते, नाहीतर विसरेन. पक्षी झोपेत पंजा आवळून धरतो, त्याला खरखरीत साल हवी, कुठे जाड कुठे बारीक. पेरूची फांदी चांगली. दांडी खाली बांधा, पडला तरी लागू नये. तळाला जाड कापड. रोज एकाच वेळी अंधार. पिंजरा तीन बाजूंनी झाका, चौथी उघडी. मिणमिणता दिवा ठेवा, म्हणजे दचकून पडला तरी दांडी सापडेल.

मग वर न बघताच, "लिया कहाँ से?"

देशी पोपट घरात ठेवणं गुन्हा आहे हे मला माहीत नाही असं नाही. म्हटलं, शाळेमागच्या कडुलिंबावरून पडला होता, पाय असाच, कधी उडालाच नाही.

"छोड़िएगा मत, मर जाएगा. और दिखाइएगा भी मत किसी को."

आमच्या होमस्टेच्या पानावर सगळ्यात वर त्याचाच फोटो. हे काही बोलले नाही.

३१ ऑक्टो., शुक्र

परवा शाळेच्या माळ्याकडून पेरूची फांदी आणली. धुतली, छतावर वाळवली, माकडं पळवतील म्हणून काठी घेऊन बसले. तारेने बांधली. शा.ने आधी साल सोलून खाली टाकली, मला दोन-चार शिव्या घातल्यासारखा ओरडला, मग चढला. आज सकाळी बघते तर वाकडा पाय पोटात, मान पाठीवर, गाढ. पडला नाही!

वहिनी: "आता अंगाई तेवढी म्हणा त्याला."

मी: "तुम्ही म्हटली होतीत की तुमच्या लेकाला. काय उपयोग झाला?"

बोलायला नको होतं. पण बोलले. दिवसभर अबोला. घर किती छान वाटत होतं.

१ नोव्हें., शनि

शाळेतून आले तर फांदी जिन्याखाली पडलेली, प्लास्टिकची दांडी परत आत. तळाला घातलेली माझ्या जुन्या लुगड्याची घडी केराच्या डब्यावर. पुण्याचे पाहुणे आलेले, पिंजऱ्याला घेराव. शास्त्री माझ्या आवाजात, "वहिनी, चहा झाला का?" "अय्या, काशीत मराठी पोपट!" टाळ्या. पिंट्या जणू स्वतः अंडं घातल्यासारखा फुललेला.

मी सरळ मधे शिरले. दांडी काढून भिरकावली, फांदी बांधायला लागले. त्यातली एक बाई, माझ्याहून लहान असेल, कौतुकाने म्हणाली, "किती प्रेमाने करता हो! इथे कामाला कधीपासून आहात?"

पिंट्या शेजारी उभा. ऐकलं त्याने. काही बोलला नाही.

मी तार वळत राहिले. बोटाला लागली.

२ नोव्हें., रवि

सकाळी पिंट्याला धरलं. "तुझ्या तोंडाला काय झालं होतं काल?"

"क्या बोलता, आत्या? लंबी कहानी हो जाती."

आत्या आहे, एवढं सांगायला लांबलचक गोष्ट लागते!

वहिनी पोळ्या लाटत होत्या. तव्याकडे बघत म्हणाल्या, "घर यांचं होतं. यांच्यामागे मुलाचं."

"आणि यांच्याआधी माझ्या वडिलांचं."

लाटणं थांबलं. पोळी जळली. कोणीच उलटली नाही.

४ नोव्हें., मंगळ

उद्या देवदिवाळी, इथली, कार्तिक पौर्णिमेची. रामघाटाची गल्ली आत्ताच चालायला मिळत नाही. घर भरलं. पिंट्या आला, गोड आवाजात. "आत्या, तुम्हारा कमरा. सिर्फ दो रात."

नाही म्हटलं.

आवाज बदलला. "ठीक है. तोता रखना वैसे भी क्राइम है ना? वन विभाग का नंबर है मेरे पास."

या मुलाला मी पाढे शिकवले. सायकल धरून मागे पळत गेले. आता माझ्याच पोपटावरून मला धमकी.

म्हटलं, खोली देते. पण पिंजरा आतल्या कोठीत जाईल, फटाक्यांपासून लांब. मी पण तिथेच झोपेन. "डन," म्हणाला. माझी गादी स्वतः उचलून आणली. तेवढी चपळाई आली अंगात.

५ नोव्हें., बुध. देवदिवाळी

घाटावर गेले नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

कोठीत तांदळाचे डबे, रिकामं सिलिंडर, शास्त्री आणि मी. पिंजऱ्यावर लुगडं, एक बाजू उघडी, कोपऱ्यात झिरोचा बल्ब. काळोख झाला तसे बार सुरू. भिंतीतून हादरा येतो. पहिल्या मोठ्या बारालाच पडला बिचारा. पंख आपटत गोल गोल फिरला. हात घालणार होते, पण थांबले. दिव्याकडे बघितलं त्याने, मग फांदीकडे. चोचीने गज धरत, वाकडा पाय ओढत स्वतः चढला. परत पडला. परत चढला. डॉक्टरीण खरं बोलली.

मधे दार ढकलून वहिनी आल्या. दोन्ही कानांवर हात. त्यांना फटाक्यांची भीती, लग्न होऊन आल्यापासूनची. डब्यावर बसल्या. म्हणाल्या, "इथे आवाज कमी येतो म्हणून आले. तुमच्यासाठी नाही."

"मी कुठे बोलावलं?"

शास्त्री चढला की त्याही श्वास सोडायच्या. मी बघितलं तर तोंड फिरवलं.

७ नोव्हें., शुक्र

दोन रात्री झाल्या. खोलीची चावी मागितली. "बुकिंग आ गई आत्या, महीने के आख़िर तक. इतना तो एडजस्ट करो."

आधीच घेतलेलं होतं बुकिंग. त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

खोलीत डोकावले. माझ्या पलंगावर कोणाचे ओले टॉवेल. आईच्या फोटोच्या खिळ्याला कोणाची तरी पँट. फोटो कपाटावर पालथा.

काही लिहवत नाही.

९ नोव्हें., रवि

लिहिते. केलं ते केलं.

खोलीतलं जोडपं सकाळी नावेतून फिरायला गेलं. त्यांच्या बॅगा, चपला, चार्जर, सगळं नीट घरातल्या चौकात आणून ठेवलं. काही फेकलं नाही. टॉवेल घडी करून वर. गादी परत नेली. आईचा फोटो लावला. शास्त्रीला खिडकीपासून लांबच्या कोपऱ्यात टांगलं. आतून कडी घातली आणि वह्या तपासत बसले. एकही अक्षर दिसत नव्हतं.

मग दंगा. पाहुणा ओरडतोय, बायको रडतेय, पिंट्या दार बडवतोय. "आत्या, रिव्ह्यू खराब हो जाएगा!"

"होऊ दे."

"घर से निकाल दूँगा!"

"ये, काढ."

ती माणसं गेली. त्यांचं काय चुकलं होतं, काहीच नाही. त्यांच्याबद्दल वाईट वाटतंय. पिंट्याबद्दल नाही. त्याने दाराबाहेर उभं राहून, मला ऐकू येईल असा, फोन लावला. "हाँ, देसी तोता. रामघाट." पत्ता सांगितला. आजोबांचं नावसुद्धा सांगितलं, घर लवकर सापडावं म्हणून.

१० नोव्हें., सोम

शाळेत गेले नाही. जिन्यावर पाऊल वाजलं की कठड्याशी जाऊन बघते.

जेवताना वहिनींनी लेकाला विचारलं, "तुझ्या पानावर पोपटाचे फोटो कोणी टाकले?"

"मैंने. तो?"

"तर साहेब पहिल्यांदा कोणाला विचारतील?"

पिंट्याचा घास हातात राहिला. ताटावरून उठला, फोटो पुसत बसला. तासभर तेच. मला हसू आलं. वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही हसू नका. तुमच्यामुळेच हे सगळं."

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, कोणी आलं तर खरं सांगा, पाय दाखवा. नेलाच तर दुसऱ्या पक्ष्यांबरोबर ठेवतील. मी विचारलं, रात्रीचं काय? त्याला उंच दांडीवर झोपता येत नाही. तिकडे कोण बघणार? "बता दीजिएगा उनको," म्हणाल्या.

१२ नोव्हें., बुध

कोणी आलं नाही. शाळेत गेले, चौथ्या तासाला परत आले. शा. रात्री ठीक. फांदी जिथे तो बसतो तिथे गुळगुळीत व्हायला लागली आहे. नवी बघावी लागेल. माळ्याला सांगू की नको? नवी फांदी आणायची आणि तोवर पक्षीच... नको.

पिंट्याशी बोलणं बंद. तो माझ्याजवळून जाताना भिंतीला घासून जातो.

१४ नोव्हें., शुक्र

आले.

दोघे होते, खाकीत. मी वर, वहिनी खाली दारात. त्यांनी विचारलेलं ऐकू आलं, "यहाँ तोता है?"

वहिनी म्हणाल्या, "था. उड़ गया."

मी कठड्याला धरून उभी. ही बाई एकादशीला चहासुद्धा विचार करून पिते, खोटं बोलत नाही. नवऱ्याच्या श्राद्धाला भटजी उशिरा आले तर तोंडावर सांगितलं, दक्षिणा अर्धी मिळेल.

तेवढ्यात शास्त्री, खणखणीत, "वहिनी, चहा झाला का?"

मग त्यातला वयस्कर माणूस हसला. वर आले नाहीत. म्हणाला, "अम्मा, सोमवार को साहब के साथ आएँगे. तब हमको ऊपर जाना पड़ेगा." आणि गेले.

पिंट्या मागच्या खोलीत होता. बाहेर आला नाही. मग कपडे करून निघून गेला, अजून घरी नाही.

मी कोठीत जाऊन वहिनींसमोर उभी राहिले. हात जोडले. त्या तांदूळ निवडत होत्या.

"हात जोडू नका," म्हणाल्या. "मी खोटं एकदाच बोलते. सोमवारी मला खाली बोलावू नका."

"मग मी काय करू?"

"मला काय विचारता? पोपट तुमचा."

आणि थोड्या वेळाने, मान वर न करता, "त्याला सरकारी माणसांच्या हाती द्यायचाय की नाही, ते आधी ठरवा. नसेल द्यायचा तर आज सांगा. माझा भाऊ इथे आलाय, उद्या त्याची गाडी मिर्झापूरला परत जाते आहे; पिंजरा त्यात जाईल."

अजून सांगितलेलं नाही.