पाणमांजरांचा मित्र

३ मे १९५३, रविवार. डोंबिवली.
सासरेबुवांनी दिलेलं खाडीकाठचं खाजण पाहिलं. आजवर पडीक. सरकार सांगतंय, अधिक धान्य पिकवा. नौपाड्यातला कारकून झालो म्हणून काय झालं? येत्या दिवाळीला घरचा भात. देशकार्यच.
तिवरांच्या मुळांशी पाणमांजरांची जोडी राहते. एकीने पाण्यातून डोकं काढलं, माझ्याकडे पाहिलं आणि शिंकली. सुहासिनी, म्हणजे आमची सौ., डबा उघडायचा विसरली. शेजारचे महिपत पाटील म्हणाले, "मेली जाली फारतान. बाकीची अंगावरच्या कातऱ्यासाठी मारली. ही येकच जोरी रायलीय, ती गेली का सुटलो." त्यांना भूतदयेवर चार शब्द सांगितले. ते विडी ओढत होते.
संकल्प: जोडीला धक्का न लावता शेती.

१७ मे.
बांधाला सुरुवात. तिवरं बांधापुरतीच तोडायची.

२४ मे.
बांध जरा लांबला. तिवरं सगळी तोडली. बीळ उघडं पडलं, पण आता ऊन-वारा मिळेल. दमट जागेत संधिवात होतो. जोडी उघाडीच्या दगडांत राहायला गेली. उघाडी म्हणजे भरतीचं पाणी अडवायला बांधात ठेवलेली झडप. सुहासिनी म्हणाली, "अहो, त्यांचं घर मोडलंत." बदली झाली, असं समज म्हटलं. आम्ही नाही का जात?

१९ जुलै.
लावणी. पहिल्याच ओळीत कमरेत उसण. गड्यांनी मला बांधावर बसवलं. देखरेख महत्त्वाची.

२ ऑगस्ट.
खेकड्यांनी बांध पोखरला. खारं पाणी आत, भात पिवळा. सुहासिनीचं म्हणणं, पाणमांजरं खेकडे खातात, जरा धीर धरा. निसर्गाच्या भरवशावर देश पुढे जात नाही. ठाण्याहून गॅमेक्सिनची कीटकनाशक पावडर आणली.

९ ऑगस्ट.
पावडर टाकली. दुकानदार म्हणाला होता चिमूटभर. मी हात आखडता घेतला नाही. सुहासिनी म्हणाली, "तेच खेकडे ती खाणार." डब्यावर 'कीटकांसाठी' असं स्वच्छ छापलंय. पाणमांजर कीटक नव्हे. त्याला लागू होत नाही.

१६ ऑगस्ट.
खेकडे उताणे. विजय. मासेही थोडे उताणे. महिपत पाटील म्हणाले, जाळं आता फाटत नाही, आत काय येतच नाय. कौतुक की तक्रार, कळलं नाही.

१५ सप्टेंबर.
नौपाड्याच्या गणेशोत्सवात माझं व्याख्यान: 'खाडीकाठचे आपले सोबती'. प्रचंड यश. पाणमांजराची शीळ स्वतः घालून दाखवली. श्रोत्यांतले गुरुदत्त मास्तर म्हणाले, प्रत्यक्ष पाहायला येतो, आणखी चौघं आहेत. या म्हणालो. घरी येताना सुहासिनीने विचारलं, तुम्ही शेवटची कधी पाहिलीत? मी व्याख्यानाच्या गडबडीत होतो.

२७ सप्टेंबर.
पूर्वतयारी. उघाडीवर टोपलीभर ताजी मासळी ठेवून दिवसभर बसलो. कुणी शिवलं नाही. स्वाभिमानी प्राणी. आयतं खात नाही. भाताच्या लोंब्या पोचट. खेकडे परत आलेत, आधीपेक्षा जास्त. त्यांना आता कुणाचीच भीती नाही.

४ ऑक्टोबर, रविवार.
मंडळी धोतरं सावरत बांधावर आली. मी शीळ घातली. पुन्हा घातली. मंडळींतल्या सुमतीबाई म्हणाल्या, बगळासुद्धा नाही हो इथे. मी ओहोटीला दोष दिला.
सुहासिनी उघाडीपाशी जाऊन थांबली. तिथून हलेना, म्हणून आम्ही गेलो. दगडांच्या फटीत पाणमांजर मरून वाळलेलं. मी मंडळींना समजावलं, म्हातारपण. यांना आयुष्य थोडंच असतं. त्यावर एकाने मानही हलवली.
गुरुदत्त मास्तरांनी वाकून काठीने ते बाहेर सरकवलं. वीतभर होतं. दातसुद्धा पुरते आले नव्हते.
चहाची किटली नेली होती. कुणी घेतला नाही. परतताना सुहासिनी मंडळींबरोबर पुढे गेली. मी किटली घेऊन मागून.