दादाने दिलेला अल्बम

४ मार्च

"हात दाखव."

पन्नाशी उलटली माझी! तरी बाबांसमोर दोन्ही तळवे पुढे करून शाळेतल्या पोरीसारखी उभी. साबणाने धुतलेले, पुसलेले, वर पंख्याखाली सुकवलेले. तेव्हा कुठे कपाटाची किल्ली हातात पडते. त्यांचे हात आता थरथरतात, म्हणून जुन्या नोटा बघायच्या झाल्या की माझी आठवण. एरवी मला कोण विचारतंय!

नोट कडेनेच धरायची. घडी असली तर असू दे, दाबून सपाट करायची नाही. फाटली असली तरी चिकटपट्टी लावायची नाही. पुसायची नाही, उन्हात न्यायची नाही. नोटेवर वाकून बोलायचंसुद्धा नाही — थुंकी उडते म्हणे! याच्या निम्मी काळजी आईची घेतली असती तर बिचारी आणखी थोडी जगली असती.

५ मार्च

पाठ धरलीय. बाबांनी आज नोटा मागितल्या नाहीत, तेवढीच सुटका.

८ मार्च

दादाचा फोन. पुढच्या महिन्यात येतोय. बाबांना केवढा हुरूप! फोन ठेवल्या ठेवल्या मला म्हणाले, "सगळ्या नोटा त्याच्या. आला की घेऊन जाईल." झालं! कपाट पुसायचं मी, ओलावा धरू नये म्हणून आतल्या पुड्या बदलायच्या मी, आणि न्यायचं त्याने.

मला त्या नोटा नकोत. देवाशप्पथ नकोत. पण "तुला एखादी हवी का गं?" एवढं विचारायला काय जात होतं?

९ मार्च

कालचा राग जरा निवळला. दादाचा तरी हेवा कशाला करू? बाबांचा जीव आमच्यापैकी कुणातच नव्हता. आई गेली त्या दिवशी घरात माणसं यायला लागली, तर यांनी आधी काय केलं — कपाटाला कुलूप घातलं! जीव होता तो त्या कागदांत. म्हणजे मी आणि दादा, दोघंही सारखेच उपाशी. हे मनात आलं की मला बरं वाटतं. वाटू नये, पण वाटतं.

१३ मार्च

शेजारचे काका बाबांना डॉक्टरकडे घेऊन गेले. तेवढ्यात कपाट आवरायला काढलं. सगळ्यात खालच्या कप्प्यात तो निळा अल्बम — दादाने नोकरीला लागल्यावर बाबांना आणून दिलेला. सगळ्यात जुन्या, सगळ्यात दुर्मिळ नोटा त्यातच. बाबा तो मला कधी उघडू देत नाहीत. "तो राहू दे," एवढंच.

आज उघडला. शी! कसला आंबूस वास! पाकिटं तेलकट, चिकट. नोटा आतल्या आत चिकटून बसलेल्या. एकीचा तर रंग प्लास्टिकवर उतरलाय. होता तसा परत ठेवून दिला.

१४ मार्च

बाबा दुपारचे झोपले तेव्हा जुन्या नोटांच्या व्यापाऱ्याला बोलावून घेतलं. त्याने नुसता वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "ताई, हे मऊ प्लास्टिक. वर्षानुवर्षं तेल सोडत राहतं. आता ओढून काढायला जाल तर शाई प्लास्टिकलाच राहील." मग वरच्या कप्प्यातल्या नोटा बघितल्या. "या सगळ्या कडक, बिनवासाच्या पाकिटांत. एकदम शिस्तीत! मग नेमक्या याच अशा कशा ठेवल्या?"

कशा म्हणजे? लाडक्या लेकाची भेट ना!

तो गेल्यावर स्वयंपाकघरात जाऊन मी हसले. एकटीच, तोंडावर हात दाबून. येऊ दे दादाला. त्याच्या पुढ्यातच उघडते! एका नोटेला ओलं बोट लागलं म्हणून बाबांनी माझ्याशी अख्खा आठवडा अबोला धरला होता. आता बघू, त्याला काय बोलतात ते.

१७ मार्च

दादा येईपर्यंत थांबवलंच नाही. अल्बम बाबांच्या मांडीवर नेऊन आदळला. "बघा, तुमच्या लेकाने काय दिलंय! नासल्या सगळ्या."

बाबांनी तो उघडलासुद्धा नाही. "माहीत आहे. वास मला केव्हाच आला होता."

"मग काढल्या का नाहीत?"

"तो घरी आला की आधी हाच मागतो. रिकामा दिसला असता तर त्याला वाईट वाटलं असतं गं."

म्हणजे येत होता बाबांना माणसाला जीव लावता.