परतीच्या बैलांची चाल

ज्येष्ठ शुद्ध नवमी, चोपडा

पोर आडवं आहे, माझ्या हातचं नाही, जळगावला दवाखान्यात न्या, असं सुईण म्हणाली तेव्हा सूर्य डोक्यावर होता. जवळच्या वाटेला खडक, सुनेला हिसके बसले असते. म्हणून मीच लेकाला म्हटलं, लांबच्या सडकेने जा, तापीवरची शेवटची नाव अंधाराच्या आत सहज मिळेल. बैलांची चाल मला पाठ आहे.

कसली पाठ? मी ती चाल मोजली बाजाराहून परतताना. घराकडे तोंड असलं की बैल पळतात. जाताना मेले रेंगाळतात. हे मला आत्ता, गोठा झाडताना सुचावं! जाताना रेंगाळतात.

शेजारच्या नानाला म्हटलं, घोड्यावर पुढे जा, नाव थांबवून धर.

“अक्का, नावाडी काय तुना जवाई शे का, थांबाले?”

“जवाई नही, म्हनीसन तुले धाडस. निंघ!”

मी धाडला तसा गेला एकदाचा. ऊन उतरलंय. गाडी नदीला लागली असेल का? सून सकाळपासून ओरडली नाही, नुसती ओठ चावत होती. ओरडली असती तर मी जवळच्या वाटेने धाडलं असतं का?

नानाचा घोडा कधी पोचेल, ते मी मोजणार नाही. मोजलं तेवढं पुरे.