अकरावीचं वर्ष

३ जून

ती. बाबांस,
छबूचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

इकडे आम्ही दोघी मजेत. तुमची पाठ कशी आहे ते खरं कळवा, बरी आहे एवढ्यावर माझी बोळवण करू नका.

पत्र कामाचं आहे. तुमच्या नातीने बीजगणिताचं पुस्तक संपवलं. मी टेबलाच्या एका टोकाला पुस्तकं बांधते, खळ लावते, पुठ्ठे कापते, आणि दुसऱ्या टोकाला ती गणितं सोडवते, हे तुम्ही पाहिलंच आहे. आजवर निभावलं. परवा तिने विचारलं, की आलेखाची रेघ वाकडी असेल तर तिचा चढ एका ठिकाणी मोजायचा कसा. मी म्हटलं, आधी हात धू आणि जेवायला बस. बाबा, मला येत नव्हतं. ते तिला कळलं, आणि तिने मुकाट्याने जाऊन हात धुतले. वाद घातला असता तर परवडलं असतं.

तर नववी ते बारावी कुठल्या वर्षी कुठलं गणित घ्यायचं, काय आधी, काय मागून, याचा आराखडा तुम्ही करून द्या. चाळीस वर्षं फळे झिजवलेत, आता शाळेत न जाणाऱ्या या एका पोरीसाठीही झिजा थोडे. मात्र चौदा पानं नकोत, मला भोवळ येते.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नका.
तुमची,
छबू


११ जून

चि. छबूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाठ जिथे होती तिथेच आहे. तुझं पत्र आलं तेव्हा आनंदाच्या भरात मी पोस्टमनला आत बोलावून खुर्चीवर बसवलं. बिचारा घाबरला, त्याला वाटलं तक्रार आहे.

आराखडा असा. नववीला भूमिती. घाई नाही. पानाच्या मधोमध रेघ मारायची, डावीकडे विधान, उजवीकडे कारण. कारण लिहिता आलं नाही तर विधान खोडायचं, मग ते कितीही खरं वाटो. दहावीला वरचं बीजगणित. अकरावीला त्रिकोणमिती, आधी सपाट कागदावरची आणि मग गोलीय, म्हणजे गोळ्याच्या पाठीवर काढलेल्या त्रिकोणांची. बारावीला कलन. तिने विचारलेला चढ तिला तिथे भेटेल.

आता अडचण एकच. गोलीय त्रिकोणमिती झाल्याशिवाय कलनाला हात लावता येत नाही, आणि ती पत्राने शिकवता येत नाही. लाकडी गोळा मध्ये ठेवून समोरासमोर बसावं लागतं. तेव्हा अकरावीचं वर्ष वकीलबाईंना माझ्याकडे पाठवावं लागेल. (सारखी कशावरून, कशावरून करते, तिला दुसरं काय म्हणू?) जिन्याजवळची खोली झाडून घेतली. डुगडुगतं टेबल सुताराकडून नीट करून घेतलं. तिची कोपरापर्यंतची उंची कळव, खुर्ची त्या मापाची हवी.

तुझा,
बाबा


२० जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

दोन वर्षांनंतरची कोपरं आज कशी मोजू हो? तोवर ती माझ्या डोक्यावरून जाईल.

आराखडा भिंतीवर लावलाय. तिसऱ्या ओळीकडे मी बघत नाही. ती सहा वर्षांची असताना तिचे वडील गेले, तेव्हा तिला शाळेतून घरी ठेवलं ते आठवडाभरासाठी. त्या आठवड्याला आठ वर्षं होऊन गेली. ती नसलेलं घर मला ठाऊकच नाही. काल एका प्रबंधाला पुठ्ठा उलटा चिकटवला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

पण गणितासाठी लागतं असं तुम्ही म्हणता, तर पाठवीन. काळजावर दगड ठेवून पाठवीन. तुमच्या शब्दापुढे मी कधी का म्हटलेलं नाही. एवढंच विचारते, त्या वर्षी तुम्हीच इकडे आलात तर नाही का चालणार?

उत्तराची वाट बघते. राग नसावा.
छबू


२८ जून

चि. छबूस,
आशीर्वाद.

मला तिकडे येणं जमायचं नाही. गोळा फार जड आहे, प्रवासात नेता येत नाही. पोरीला नक्की पाठवतेस ना, तेवढं लेखी कळव, म्हणजे खिडकीला जाळी बसवून घेतो.

बाबा


५ जुलै

ती. आजोबांस,
तुमच्या वकीलबाईचा साष्टांग नमस्कार.

आमच्या खालच्या मजल्यावर जमीन मोजणारी मावशी राहते. तिच्याकडे तीन पायांची दुर्बीण आहे आणि ती मला हात लावू देते. तिला मी गोलीय त्रिकोणमितीबद्दल विचारलं तर ती हसतच सुटली. म्हणाली, पूर्वी जहाजवाल्यांना लागायची, कलनाशी तिचा काडीचाही संबंध नाही. मावशी थापाही मारते, म्हणून मी वाचनालयातून कलनाचं पुस्तक आणलं. पहिली साठ पानं वाचली, त्यातली चाळीस कळली. गोळा कुठेच नाही.

तुमची चूक झाली असेल असं वाटेना, म्हणून तुम्ही सांगितलं तसं आखून पाठवते आहे. डावीकडे मी लिहिलंय, की अकरावीचं वर्ष मुलीने आजोबांकडेच राहिलं पाहिजे. उजवीकडची जागा मला भरता येत नाहीये. तुम्ही भरून द्या.

मला तुमच्याकडे यायला आवडेल. पण आई हल्ली मी अंघोळीला गेले तरी दाराबाहेर उभी राहून बोलत असते.

माझी आठवण काढत राहा.
तुमची,
नात


१३ जुलै

चि. वकीलबाईस,
गोड आशीर्वाद.

कागद भरून परत पाठवतोय. तीन दिवस टेबलावर पडून होता. उजवीकडे लिहिलंय ते नीट वाच: आजोबांना घर खायला उठतं.

भूमितीत हे कारण चालत नाही. शून्य गुण. म्हणून डावीकडचं विधान मीच खोडलं आहे.

मावशी बरोबर आहे, तू बरोबर आहेस. अकरावीला साधी त्रिकोणमिती पुरे, ती मावशी शिकवेल. सहामाहीनंतर लगेच कलन सुरू कर. तुझं एक अख्खं वर्ष मी माझ्यासाठी काढून घेत होतो. गणिताच्या नावाखाली मी आयुष्यात कधी खोटं बोललो नव्हतो गं. हे पहिलंच, आणि तेही तुझ्याशी.

आईला सांग, तिच्याकडे आलो असतो तर पाहुणा झालो असतो. तू इथे आली असतीस तर हे पुन्हा घर झालं असतं. मला तुम्ही हव्या होतात. तसं सरळ मागता आलं नाही, म्हणून अभ्यासक्रमात घातलं. तिने रागवावं, तिचा हक्क आहे.

आजोबा


२२ जुलै

ती. बाबांस,
छबूचा नमस्कार.

रागावलेच आहे. महिनाभर मी त्या पोरीच्या मागेमागे फिरले, तिचे कपडे घडी घालताना रडले, आणि सगळं कशासाठी, तर गोळ्यासाठी! आठवडाभर तुम्हाला मनातल्या मनात नाही नाही ते बोलले. पोरीला म्हटलं, आजोबांनी आपल्याला चांगलंच बनवलं. ती म्हणाली, कारण तर खरं लिहिलंय ना.

काल मावशीशी बोलून सगळं ठरवलं. संध्याकाळी कामावरून आल्यावर ती शिकवेल. पोर तर आत्तापासूनच तिच्या दुर्बिणीला चिकटली आहे. म्हणजे पोरीचं भागलं. आता माझं सांगते, जे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

आपल्या पुढच्या खोलीत तुमच्या शिकवणीला साठ-साठ मुलं यायची. मी चटया घालायचे, फळा पुसायचे, पाणी नेऊन द्यायचे. दहावीत माझी त्रिकोणमिती अडली, तेव्हा मी वही घेऊन दाराशी येऊन उभी राहायचे. तुम्ही म्हणायचात, तू काय घरचीच आहेस, तुझं नंतर बघू. मुलं जाईपर्यंत तुमचा घसा बसलेला असायचा. मग मी वही ठेवून द्यायचे. पुढे गणित सोडलं, तेव्हा सगळे म्हणाले, हिला आवडच नाही. तुम्हीही म्हणालात. बाबा, मला आवड होती. मला तुम्ही शिकवायला हवे होतात.

आता तुमच्याकडे एकही मूल येत नाही, आणि मला अजून त्रिकोणमिती येत नाही. पाहुणे म्हणून नका येऊ, नातीसाठीही नका येऊ. मला शिकवायला या. वही आणली आहे, मधोमध रेघही मारली आहे. सोमवारच्या गाडीने निघा, आणि या खेपेला नंतर म्हणू नका.

वाट बघते आहे, खूप वर्षं.
तुमची,
छबू