राखणीची पाळी

रविवार, २६ ऑक्टोबर २०२५
संध्याकाळचे सव्वासहा

प्रिय स्वराजदादा,

भाताचे शेवटचे भारे खळ्यावर आणले, ताडपत्री घातली, कडांना दगड ठेवले आणि आत्ताच पडवीत येऊन बसलो. आभाळ गच्च भरलं आहे. दिवाळी झाली तरी पाऊस हटत नाही, म्हणून मी दोनदा उठून दगड सरकले नाहीत ना ते पाहून आलो. तू असतास तर हसला असतास. तुझ्याकडे आत्ता पावणेपाच झाले असतील. डेकवर अजून ऊन असेल आणि तू सावली शोधून बसला असशील. निदान तसं मी धरून चालतो. हल्ली तुझ्याबद्दल बरंच काही मला नुसतं धरून चालावं लागतं.

तुझं जहाज परक्या बंदराबाहेर नांगरून मालक पळाला, त्याला नववा महिना लागला. बाकीचे एकेक करून उतरले. जहाज रिकामं ठेवता येत नाही, एक माणूस हवाच, असा बंदराचा नियम. आणि तू म्हणालास, मी बिनलग्नाचा, मी थांबतो. गणपतीत इंजिन सांभाळणारा मोटारमन आजारी पडून उतरला, तेव्हापासून तू एकटा. जहाज किनाऱ्याच्या बाजूला वळलं तरच रेंज येते, म्हणून फोनवर धड बोलणंही होत नाही. त्यावर तूच तोड काढलीस. तिकडे अंधार पडताना अंतराळस्थानक तुझ्या डोक्यावरून जातं, मोठ्या चांदणीसारखं सरकत जातं. त्याच वेळी तिथल्या कॅमेऱ्याचं थेट चित्रण आम्ही फोनवर लावायचं. तू खालून वर बघायचं, आम्ही वरून खाली बघायचं, आणि रेंज आली की तू एकच शब्द पाठवायचा: दिसलं.

पहिल्या दिवशी आपल्याकडचे पावणेआठ वाजले होते. मी फोन तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला होता. काळपट समुद्र, कडेला किनाऱ्यावरच्या दिव्यांची वाकडी ओळ. मी बोट ठेवून म्हटलं, इथे कुठेतरी दादा. आई इतकी जवळ गेली की तिच्या श्वासाने काच धुरकटली. मग उठून तुळशीपुढचा दिवा घेऊन आली आणि फोनसमोर धरला. काकांची दीक्षा ओरडली, “काकी, फोन पेटंल!” आई म्हणाली, “तो बघतोय ना वर? मग त्याला आपलं घर पन दिसू दे.” मी समजावलं की हे एकाच बाजूने दिसतं. त्यावर ती म्हणाली, “खिडकी एकाच बाजूनं असती व्हय रे?” तेव्हापासून रोज आधी तुळस आणि मग फोन, असा दिवा फिरतो.

तुझं ‘दिसलं’ कधी रात्री दहाला यायचं, कधी पहाटे. ते येईपर्यंत मी फोन उशाशी ठेवायचो. रेंज नसेल, बॅटरी संपली असेल, सौरपट्टीवर धूळ बसली असेल, अशी कारणं मनात लावत पडायचो. पिण्याचं पाणी संपलं असेल हे कारण मी सगळ्यात शेवटी ठेवायचो. तो शब्द आला की आईला सांगायचो आणि मग ती ताटावर बसायची. शिळं होईल म्हटलं तरी ऐकायची नाही.

मग एकदा पडदा निळा झाला. संपर्क तुटला की तसा होतो, पाच-सात मिनिटांत परत येतो, हे मला माहीत होतं. पण आईने तो निळा रंग पाहिला आणि दिवा पडद्याच्या अगदी जवळ नेला. “पानी भरलं,” एवढंच म्हणाली. तिला वाटलं, जहाजात पाणी शिरलं. त्या रात्री तुझा शब्दही आला नाही आणि ती भिंतीला टेकून बसून राहिली. दुसऱ्या दिवशी मी जुनं रेकॉर्डिंग शोधलं, त्यात न तुटणारा समुद्र होता. ते लावायला लागलो. तिला म्हटलं, हे थेट आहे.

खरं म्हणजे त्या दिवसांत थेट लावूनही उपयोग नव्हता. अंतराळस्थानक एका ठिकाणावरून संध्याकाळी रोज दिसत नाही. काही दिवस दिसतं, मग दोन-तीन आठवडे त्या वेळेला तिकडे फिरकतही नाही. त्याचं वेळापत्रक मिळतं. तुझ्या बंदराचं मी काढलं, नीट पाहिलं, बोर्लीला जाऊन छापून आणलं आणि पुन्हा पाहिलं. नवान्न पौर्णिमेपासून पुढे तुझ्या आकाशात ते संध्याकाळी येणारच नव्हतं. आणि तुझे शब्द येतच होते. दिसलं. दिसलं. एकदा तर ‘आज फार छान दिसलं’.

दादा, त्या दिवशी मी खळ्यावर जाऊन बसलो. आधी वाटलं, तुला नसलेलं दिसायला लागलं. एकटा माणूस, चारी बाजूंना पाणी, असं होतं म्हणतात. मग वाटलं, नाही, तो वर बघतच नसेल. मान वर करायची उमेदच राहिली नसेल, आणि आईने जेवावं म्हणून नुसता शब्द पाठवत असेल. यातलं कुठलं जास्त वाईट, ते मला ठरवता आलं नाही. मी इकडे खोटा समुद्र दाखवत होतो आणि तू तिकडून खोटी चांदणी पाठवत होतास, आणि मध्ये आई दिवा धरून उभी.

तिला हे सांगायची हिंमत मला झाली नसती. भाऊबीजेच्या संध्याकाळी तिने दिवा खाली ठेवला आणि पडद्यावर बोट ठेवलं. “ह्यो ढग काल पन हितंच व्हता. परवा पन. ढग काय वासरू हाय, दाव्याला बांधलंय?” मी मान खाली घातली. रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, “मला समजलंय कवापासून. तू एवढ्या मेहनतीनं लावत व्हतास, म्हनून बघत व्हते.” मग मी तिला तुझ्या शब्दांचंही सांगितलं. ती उठून चुलीपाशी गेली. चुलीतली राख उकरत राहिली आणि तिथूनच म्हणाली, “माळ्यावर राखनीला एकाच पोराला कुनी बसवून ठेवतं का रं? पाळी लावत्यात.”

तुला आठवतो खालच्या शेतातला आपला बांबूचा माळा? भात पोटरीला आलं की डुकरं यायची आणि डबा वाजवत रात्र काढायची. एक दिवस तू, एक दिवस मी, असं बाबांनी ठरवून दिलं होतं. माझ्या पाळीला मी शिडीच्या पहिल्या पायरीवरच रडायचो. तू मला गोधडीत गुंडाळून कोपऱ्यात निजवायचास आणि माझीही पाळी तूच काढायचास. सकाळी बाबांना सांगायचास, सिद्धू जागा होता. बाबांना खरं वाटायचं का, हे मी आईला परवा विचारलं. ती नुसती हसली.

मी तोच आहे, दादा. दिघीहून आगरदांड्याला फेरीबोटीने जाताना अजूनही कठडा सोडत नाही. अकरावी सोडून तुझ्याबरोबर खलाशाचं प्रशिक्षण घेतलं, सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, काढलं, आणि ते पुस्तक ट्रंकेत टाकून परत शेतात उतरलो. त्यावर समुद्रावरच्या एका दिवसाचीही नोंद नाही. पण ते चालू आहे, मुदत संपलेली नाही. तुला सोडवायला मुंबईत खलाशांच्या संघटनेच्या ऑफिसात मागेच तीन फेऱ्या झाल्या होत्या. बदली माणूस जहाजावर चढला की आधीच्याला सोडतो, असं बंदराने तेव्हाच लिहून दिलं होतं. परवा मी फोन करून माझं नाव दिलं. संघटनेचा खटला चालू आहे, तो निकाली निघेपर्यंत माणूस लागेल. म्हणून हे पत्र पोस्टात टाकणार नाही. शिडी चढून आलो की मीच ते तुझ्या हातात देईन. समोर बोलायला गेलो तर तू मला पुन्हा गोधडीत गुंडाळशील, परत जा म्हणशील, आणि मी ऐकेनही. तेव्हा वाचून होईपर्यंत बोलू नकोस. पिशवीत नवान्न पौर्णिमेचं नवं आहे, लोंबी, आंब्याची पानं आणि कुरडूच्या फुलांची जुडी, केबिनच्या दाराला बांधायला. आईने तुझ्या वाटणीचं राखून ठेवलं होतं. नव्या भाताला तिने अजून हात लावलेला नाही, तू घरी आल्यावरच रांधणार आहे. तोवर दीक्षा तिच्या सोबतीला निजायला येते. घरी पोचलास की फोन तांदळाच्या डब्याला टेकव, दिवा जरा लांब धरायला सांग, आणि निळा पडदा आला तर तिला सांग की सिद्धू तिथेच आहे. माझ्या आकाशात ते असेल त्याच दिवशी मी ‘दिसलं’ लिहीन. नसेल त्या दिवशी ‘आज नाही’ लिहीन, आणि तेवढ्यावर तुम्ही दोघांनी जेवायचं.

तुझाच बदली माणूस,
सिद्धेश